वीस बाहुल्या, एक रिकामा रंगमंच

शाळेचा व्हरांडा. मधोमध एक मुलगी उभी आहे. डोकं धडापेक्षा मोठं, अर्धा चेहरा डोळ्यांनीच व्यापलेला, केस एकीकडे निळे आणि एकीकडे पांढरे, वर मांजराचे कान. खालच्या चौकटीत अक्षरं उमटतात : ‘मी खरी कोण आहे ते तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.’ चित्र बदलतं. आता तिचे डोळे मिटलेले. पुन्हा बदलतं, डोळे उघडे, पण लाल. मागे पियानो सुरू होतो. मग काळा पडदा आणि त्यावर दोन शब्द : ‘दहा वर्षांपूर्वी’.

मुलगी जागची हललेली नाही. तोंडातून आवाजही काढलेला नाही. तरी पुढं काय झालं ते बघायला आपण थांबतो.

असा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करणारी व्यक्ती पुष्कळदा दहा-बारा वर्षांची असते. यातलं एकही चित्र तिनं स्वतः काढलेलं नसतं. तिच्या हातात असतो घरातला जुना फोन आणि त्यात ‘गाचा लाइफ’ नावाचा एक फुकट खेळ. मुळात हा बाहुली सजवायचा खेळ. केस लावा, फ्रॉक घाला, टोपी बदला. पण २०१८च्या अखेरीपासून पुढची काही वर्षं याच बाहुल्या घेऊन मुलांनी इतक्या गोष्टी रचल्या, की यूट्यूबवर त्यांचं एक वेगळं गावच वसलं. इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, पोर्तुगीजमध्ये, रशियनमध्ये. त्या गावाची बोली निराळी, रीती निराळ्या, भांडणं निराळी. बदनाम गल्लीही होतीच.

बाहुली सजवायचे खेळ शेकड्यानं पडलेत. मग गाव याच खेळाभोवती का वसलं? माझ्या मते त्याचं उत्तर खेळात काय होतं यापेक्षा काय नव्हतं यात जास्त सापडतं. पण आधी नावाचा उलगडा करू, कारण नाव फसवं आहे.

नावात सोडत, खेळात नाही

जपानमध्ये दुकानांबाहेर खेळण्यांची यंत्रं असतात. नाणं टाकायचं, दांडा फिरवायचा, की प्लास्टिकचा एक गोळा खाली पडतो. आत कुठलं खेळणं निघेल ते आधी कळत नाही. दांडा फिरतानाचा आवाज ‘गाचा’ आणि गोळा पडतानाचा ‘पोन’, म्हणून त्या यंत्राला म्हणतात गाचापोन. आपल्याकडे शाळेबाहेरच्या टपरीवर चिठ्ठी फाडून बक्षीस काढायचा जो प्रकार असायचा, त्याचाच हा यांत्रिक भाऊ. मोबाइलवरच्या खेळांनी ही युक्ती उचलली. पैसे भरा, दांडा फिरवा, नशिबात असेल ते पात्र मिळेल. यात लोकांचे खिसे रिकामे होतात, म्हणून ‘गाचा’ या शब्दाला बऱ्यापैकी वाईट वास आहे.

‘गाचा लाइफ’मध्ये ही सोडत आहे, पण ती कोपऱ्यात. छोटे खेळ खेळून रत्नं मिळवायची आणि त्या रत्नांवर भेटवस्तू काढायच्या, इतकंच. कपड्यांचं कपाट मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना उघडं. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण दुसऱ्या खेळांत मुलं कशी वागतात ते बघा. भारीतला पोशाख ज्याच्याकडे तो मोठा, आणि तो विकत घ्यायला पैसे लागतात. इथं कुणाच्याच बाहुलीला महागडा फ्रॉक नव्हता, कारण महागडा असा फ्रॉकच नव्हता. मग मिरवायचं कशावर? आपण काय रचलं त्यावर.

खेळ बनवणारी कंपनी लुनिमे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला हा एक छोटा स्टुडिओ, आणि त्याचा कर्ताधर्ता ‘लुनी’ याच नावानं ओळखला जातो. ‘गाचा स्टुडिओ’ आणि ‘गाचाव्हर्स’ हे त्यांचे आधीचे खेळ. ऑक्टोबर २०१८मध्ये ‘गाचा लाइफ’ अँड्रॉइडवर आला आणि जून २०२०मध्ये ‘गाचा क्लब’. डाउनलोड कोट्यवधींच्या घरात गेले.

अवतार नव्हे, नाटक मंडळी

संगणकावरच्या खेळात आपलं जे रूप असतं त्याला अवतार म्हणतात. शब्द आपलाच, संस्कृतातला. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या खेळ बनवणाऱ्यांनी तो उचलला आणि जगभर रुळवला. कल्पनाही मूळची राखली : वरून कुणीतरी खाली उतरतं आणि एक देह धारण करतं. बहुतेक खेळांत तुम्हाला एक देह मिळतो, आणि तो म्हणजे ‘मी’. मग त्या ‘मी’ला नटवायचं, सगळ्यांत छान दाखवायचं. त्यातून फॅशन शो निघतो. गोष्ट निघत नाही, कारण गोष्टीला किमान दोघं लागतात, आणि त्या दोघांत काहीतरी बिनसावं लागतं.

‘गाचा लाइफ’नं एक देह दिलाच नाही. वीस जागा दिल्या. ‘गाचा क्लब’मध्ये तर दहा मुख्य आणि वर नव्वद जादा पात्रं.

वीस बाहुल्या समोर मांडल्या की त्यातली ‘मी’ कोण हा प्रश्नच मागे पडतो. भातुकली मांडलेल्या कुणालाही हे माहीत असेल. एक बाहुली असेल तर आपण तिला जोजवतो. चार असतील तर एक आई होते, एक सासू होते, एकीचं लग्न ठरतं आणि चौथी रुसून बसते. नाती आपोआप सुरू होतात, आणि मांडणारं मूल त्या सगळ्यांच्या वर जाऊन बसतं. त्या जागेला आपल्याकडे नेमका शब्द आहे : सूत्रधार. म्हणजे शब्दशः दोऱ्या धरणारा. बाकीच्या खेळांनी मुलांना नट केलं, या खेळानं सूत्रधार केलं. फरक इथून सुरू झाला.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३०च्या दशकात मुलांच्या खेळाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. मूल काठीचा घोडा करतं तेव्हा काठी ही नुसती खुंटी असते. तिच्यावर ‘घोडा’ हा अर्थ टांगलेला असतो. वस्तूपासून अर्थ सोडवायला मूल इथं शिकतं. गाचाच्या बाहुल्या या अशाच काठ्या. सगळ्यांचं अंग सारखंच. अर्थ टांगायचा तो केसांवर, डोळ्यांवर, कपड्यांवर.

आणि टांगायला जागा भरपूर. बाहुली एकसंध चित्र नसते, थर असतात. पुढचे केस वेगळे, मागचे वेगळे, बुबुळं वेगळी, भुवया, तोंड, शर्ट, बाही, मोजे, शेपूट, पंख, सगळं सुटं. समजा, डोळे दहा प्रकारचे, तोंडं दहा प्रकारची आणि केस दहा प्रकारचे आहेत. एवढ्यावरच दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजार चेहरे झाले. त्यात दहा शर्ट मिळवले की दहा हजार. खऱ्या खेळात प्रत्येक प्रकारात दहाहून कितीतरी जास्त वस्तू होत्या, शिवाय रंग हवा तो. त्यामुळे दोन मुलांच्या दोन बाहुल्या योगायोगानं एकसारख्या निघणं जवळजवळ अशक्य. ‘ही माझी’ असं म्हणायला जागा झाली. अशा स्वतः रचलेल्या पात्राला या गावात ‘ओसी’ म्हणतात. ओसीला नाव असतं, वय असतं, आवडतं खाणं असतं, एक दुखरी जागा असते. काही मुली एकच ओसी तीन-तीन वर्षं सांभाळतात, तिचे केस कापतात, तिला वाढवतात. मला यात लेखकाची सगळी प्राथमिक तयारी दिसते, फक्त वही नाही.

हा प्रकार आभाळातून पडला नाही हेही सांगायला हवं. पडद्यावरच्या बाहुलीला कपडे घालायची ‘किसेकाए’ ही पद्धत जपानमध्ये १९९१ सालापासून संगणकावर होती. १९९६मध्ये ‘क्वेक’ या मारधाडीच्या खेळातली पात्रं वापरून काही खेळाडूंनी छोटा चित्रपट केला होता. २०००मध्ये आलेल्या ‘द सिम्स’मध्ये लोक आपल्या घराचे फोटो काढून, खाली ओळी लिहून, कौटुंबिक अल्बमच्या नावाखाली चक्क कादंबऱ्या रचत. पण त्या सगळ्यांना संगणक लागायचा, आणि बराचसा जाणतेपणाही. गाचा फोनवर आला आणि थेट प्राथमिक शाळेत शिरला.

जे नव्हतं ते

आता मुख्य मुद्दा. या खेळात एक स्टुडिओ आहे. तिथं मागे एक देखावा लावायचा, पुढं आठपर्यंत पात्रं उभी करायची, प्रत्येकाची पोझ आणि चेहरा ठरवायचा आणि चौकटीत संवाद टाइप करायचा. असे सीन एकामागून एक जोडून छोटं नाटुकलं करायची सोयही आहे. बस.

पात्रं बोलत नाहीत. तुम्ही रचलेल्या गोष्टीत ती चालत नाहीत, ओठ हलवत नाहीत. तुम्हाला हवं ते गाणं मागे लावता येत नाही. खेळात गावं आहेत, तिथं हिंडून पात्रांशी गप्पा मारता येतात, पण ती पात्रं खेळातलीच, ठरलेली वाक्यं बोलणारी. दुसऱ्या गावातली खरी मुलगी तिथं भेटत नाही.

म्हणजे गोष्ट दाखवायची तर खेळाबाहेर पडणं भागच. मुलं पडली. पद्धत साधारण अशी. आधी फोनच्या नोट्समध्ये संवाद लिहायचे. स्टुडिओत सीन लावायचा आणि स्क्रीनशॉट घ्यायचा. मग फक्त तोंड बदलायचं, पुन्हा स्क्रीनशॉट. डोळे मिटलेला एक, उघडा एक. पाठीमागे सपाट हिरवा रंग ठेवला तर नंतर तो पुसून हवा तो देखावा घालता येतो. मग हे सगळे स्क्रीनशॉट काइनमास्टरसारख्या व्हिडिओ जोडायच्या ॲपमध्ये न्यायचे, प्रत्येकाला सेकंद ठरवून द्यायचे, खाली संगीत टाकायचं. ज्यांना हौस जास्त ते आयबिस पेंट या चित्रकलेच्या ॲपमध्ये केसांवर सावली द्यायचे, अश्रू काढायचे. डोळ्याची एक उघडझाप दाखवायला दोन चित्रं लागतात. ती सहज दिसावी तर तीन-चार. चार मिनिटांच्या गोष्टीला शंभर-दीडशे स्क्रीनशॉट सहज होतात.

शाळेत निबंधाची दोन पानं लिहायला कुरकुरणारं पोर हे रात्री उशिरापर्यंत करत बसतं, याचं घरच्यांना नवल वाटायचं. मला वाटत नाही. निबंध बाई वाचतात. हे वाचायला दुसरी मुलं होती.

आणि इथंच ती कमतरता कामाला आली. ओठ कसे हलवायचे हे खेळ सांगत नव्हता, म्हणून तेरा वर्षांची एक मुलगी दहा वर्षांच्या दुसरीला व्हिडिओ करून सांगायची. केसांना चमक कशी आणायची, धावताना मागचा रस्ता कसा सरकवायचा, डोळे चमकवायचे कसे, अशा ‘कसं करायचं’ व्हिडिओंचा या गावात ढीग पडला. खाली कॉमेंटमध्ये शंका, त्यांना उत्तरं, ‘मी करून पाहिलं, बघ’ म्हणून दुवे. एकीला आवाज काढता येतो पण एडिटिंग येत नाही, दुसरीचं उलटं. मग ‘माझ्या मालिकेसाठी आवाज हवेत’ अशी जाहिरात निघते आणि चार देशांतली चार मुलं एकाच नाटकात काम करतात. खेळानं सगळं आयतं दिलं असतं, बटण दाबताच बाहुली बोलली असती, तर कुणाला कुणाची गरज पडली नसती.

अमेरिकी अभ्यासक हेन्री जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६च्या एका अहवालात अशा गटांची लक्षणं सांगितली होती. आत यायला अडथळा कमी, केलेलं दाखवायला आणि वाटायला उत्तेजन, जाणत्यानं नवख्याला अनौपचारिकपणे शिकवणं, आणि आपण केलेल्याची कुणाला तरी किंमत आहे असा विश्वास. याला ते सहभागाची संस्कृती म्हणतात. अहवाल गाचाच्या बारा वर्षं आधीचा, पण वाचताना गाचाचंच वर्णन चाललंय असं वाटतं. एमआयटीत मुलांसाठी ‘स्क्रॅच’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करणाऱ्या मिचेल रेझ्निक यांची कसोटीही इथं लावून पाहण्यासारखी आहे. त्यांचे गुरू सिमोर पॅपर्ट म्हणत, चांगल्या साधनाची जमीन खाली हवी आणि छत उंच हवं. म्हणजे सुरुवात कुणालाही करता यावी आणि वर जायला वाव राहावा. रेझ्निक यांनी त्यात भर घातली की भिंतीही एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या वाटेनं जाता यावं. गाचाची जमीन खूपच खाली होती. छत खेळात बुटकंच होतं, पण मुलांनी कौलं काढली आणि वर मजले चढवले.

स्थिर चेहरा रडतो कसा

मोठ्या माणसाला हे व्हिडिओ पाहताना पहिली अडचण ही येते की यात काहीच हलत नाही. याला गोष्ट कसं म्हणायचं?

साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं एक प्रयोग केला होता. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचं एकच चित्रण घेतलं आणि त्याला वेगवेगळी दृश्यं जोडली. आधी सुपाचा वाडगा, मग शवपेटी. प्रेक्षकांना तोच चेहरा एकदा भुकेला दिसला आणि एकदा दुःखी. चेहरा बदललाच नव्हता. भाव जोडणीत होता, आणि जोडणी बघणाऱ्याच्या डोक्यात झाली होती. हे तंत्र सिनेमाच्या विद्यार्थ्यांना वर्गात शिकवतात. गाचावाल्या मुलांना ते कुणी शिकवलं नाही, पण रिकामा पाळणा दाखवून लगेच बाहुलीचा शांत चेहरा दाखवला की खाली कॉमेंटमध्ये लोक रडतात, हे त्यांनी करून पाहून शोधलं.

आपल्याला तर हे नवं वाटायचं कारणच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी हातात चित्रांची पोथी घेऊन बसतात. एकेक चित्र पुढं करायचं, आणि त्यावर गात, बोलत रामायण-महाभारतातलं आख्यान सांगायचं. चित्र हलत नाही. आवाज आणि क्रम त्याला हलवतात. गाचाच्या मुलांना पिंगुळी ठाऊक असायचं काही कारण नाही, आणि एकाचा दुसऱ्याशी काही धागाही नाही. पण स्थिर चित्रांवरून आख्यान कसं चालतं हे ज्याला कळायचंय त्यानं आधी तिथं जावं, असं मी म्हणेन.

नावडती राणी पुन्हा

या गावात गोष्टींचे काही घराणेवजा प्रकार पडले. ‘जीएलएमएम’ म्हणजे गाचा लाइफ मिनी मूव्ही, संवाद आणि कथानक असलेली. ‘जीएलएमव्ही’ म्हणजे गाण्यावर बेतलेली कथा. एक प्रकार गाण्याच्या भेंड्यांसारखा, त्यात पात्रं एकमेकांना गाण्यांतून टोले देतात. एका प्रकारात पात्रांना खोलीत बसवून त्यांच्याच आयुष्यातले प्रसंग दाखवतात आणि ती काय म्हणतात ते लिहितात. ‘मीम’ हा शब्दही इथं वेगळ्या अर्थानं चालतो. तो विनोद नसतो. एका गाण्याच्या तुकड्यावर कुणीतरी ठरावीक हालचालींचं छोटं दृश्य करतं, आणि मग बाकीची मुलं तीच चाल घेऊन आपापली ओसी त्यात बसवतात. जात्यावरच्या ओवीत पहिली ओळ सगळ्यांची आणि शेवटची आपल्या भावाच्या नावाची असते, तसंच काहीसं. मूळ मीम कुणाचं ते खाली लिहायची पद्धत होती. नाव न लिहिता उचललं तर गावात बोभाटा व्हायचा.

बारीक रीतीही मजेदार. मनातलं बोलणं कंसात. कृती दोन चांदण्यांच्या मध्ये. काळ पुढं सरकला की पाटी येते, ‘हा टाइम स्किप तुमच्यासाठी घेऊन येत आहेत’ आणि पुढं काहीतरी वेडगळ, मांजर किंवा बटाटा. गंभीर रडारडीच्या मधोमध हा बटाटा येतो आणि कुणाला खटकत नाही. कीर्तनकारही रंगात आलेलं आख्यान थांबवून एक चुटका सांगून घेतातच.

कथानकं मात्र फिरून फिरून तीच. घरात सगळ्यांना नकोशी झालेली मुलगी, जुळ्या बहिणीचे लाड, हिच्या वाट्याला मार. मग कळतं की हीच खरी राजकन्या, किंवा हिच्यात कुणात नाही अशी शक्ती. घर पस्तावतं. शाळेत मार खाणारी गरीब मुलगी, लांडग्यांच्या टोळीचा नायक, व्हॅम्पायर. या गोष्टींची इंटरनेटवर भरपूर टिंगल झाली. शुद्धलेखन वाईट, भावना ओसंडून वाहणाऱ्या, योगायोग अचाट.

टिंगल करणाऱ्यांचं सगळं खोटं नाही. सलग पाच पाहिल्या की सहावी बघवत नाही. पण ‘आटपाट नगर होतं, राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती’ ही ओळ ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांनी तरी हसताना जरा थांबावं. श्रावणातल्या कहाण्यांमधली नावडती गुरं राखायची, शिळंपाकं खायची, आणि शेवटी देव तिलाच पावायचा. अन्याय झालाय, कुणाला दिसत नाहीये, एक दिवस सगळ्यांना कळेल, ही दहा-बारा वर्षांच्या वयाची सर्वांत खोल कथा आहे. मुलं ती पुन्हा पुन्हा सांगतात कारण अजून ती त्यांची सांगून संपलेली नसते. आणि नवं सुचेपर्यंत जुन्याच साच्यात हात बसवायचा असतो. कुंभारही पहिल्या दिवशी रांजण घडवत नाही.

बदनाम गल्ली

आता जे गोड नाही ते. बाहुल्या सुट्या, कुणाच्याही हाती येणाऱ्या. त्यामुळे त्यांच्याकडून अश्लील दृश्यंही करवली गेली. गावात त्याला ‘गाचा हीट’ म्हणत. करणाऱ्यांत मोठी माणसं होती आणि पुरतं न कळणारी मुलंही. लहान मुलांच्या बाहुल्यांचं चित्र बघून त्यावर बोट ठेवलेलं दुसरंच लहान मूल भलत्या ठिकाणी जाऊन पडायचं. गावातल्याच मुलांनी याविरुद्ध व्हिडिओ काढले, तक्रारी केल्या. पण त्या निषेधाच्या व्हिडिओंमुळे ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं. सगळ्या गाचाचं नाव त्यात खराब झालं, आणि शाळेत ‘तू गाचावाली?’ ही शिवी झाली.

दुसरा फटका कायद्याचा. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करायला १९९८च्या एका कायद्यानं बंदी आहे. सप्टेंबर २०१९मध्ये यूट्यूब आणि गूगलनं या प्रकरणात १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. जानेवारी २०२०पासून ‘मुलांसाठी बनवलेला’ असा शिक्का असलेल्या व्हिडिओखालच्या कॉमेंट बंद झाल्या, माग काढून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती थांबल्या, नवा व्हिडिओ आल्याची घंटीही थांबली. कायद्याचा हेतू योग्यच होता. पण गाचा नेमकं मधल्या जागेत अडकलं. हे मुलांसाठी बनवलेलं, की मुलांनी बनवलेलं? शिक्का मारला तर कॉमेंट जातात, आणि या गावाची शाळा तर कॉमेंटमध्येच भरायची. नाही मारला तर दंडाची भीती. त्यात यूट्यूबवर खातं उघडायचं वयही १३, म्हणजे गावातली निम्मी मंडळी वय लपवून आलेली असणार. अकरा वर्षांच्या पोरानं आपली कच्ची गोष्ट थेट जगापुढं ठेवावी का, आणि तिथं त्याला कोण भेटणार यावर लक्ष कुणी ठेवायचं, याची सोय ना खेळानं लावली, ना यूट्यूबनं, ना बऱ्याच घरांनी.

भारतात या सुमारास वेगळंच घडत होतं. ‘गाचा क्लब’ जून २०२०मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली. बाहेरची मुलं गाचाचे पंधरा-वीस सेकंदांचे तुकडे तिथं टाकत होती. इकडच्यांना ते दार बंद. सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच सुरू केली, तेव्हा लहान तुकड्यांना पुन्हा जागा मिळाली.

पुढं काय झालं

‘गाचा क्लब’मध्ये एक छान सोय होती. बाहुलीचा एक लांबलचक कोड निघायचा, नुसती अक्षरं आणि आकडे. तो कॉपी करून मैत्रिणीला पाठवला की तिच्या फोनवर तीच बाहुली उभी. पाककृती पाठवावी तसं. त्यामुळे पात्रं उसनी देणं-घेणं वाढलं, एकीच्या मालिकेत दुसरीची ओसी पाहुणी म्हणून यायला लागली.

मग काही जाणत्या चाहत्यांनी खेळच उसवला आणि त्यात नवे केस, नवे डोळे, नवे कपडे घालून स्वतःच्या आवृत्त्या काढल्या. ‘गाचा नॉक्स’ ही त्यातली एक गाजलेली. पूर्वी बाहुली सजवणारी मुलं आता बाहुलीचं कपाट शिवायला लागली होती. २०२३मध्ये लुनिमेनं ‘गाचा लाइफ २’ काढला. तो आवडला त्यांना आवडला, पण जुन्या चेहऱ्याला सरावलेल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली आणि जुन्याच खेळात राहिली.

२०१८मध्ये दहा वर्षांची असलेली मुलं एव्हाना बारावी पार करून गेली. काही हातानं चित्रं काढायला लागली, काही लिहायला, बहुतेकांनी सोडून दिलं. पण जे राहिले त्यांच्यात एक नवा प्रकार सुरू झाला. आपली अगदी पहिली मिनी मूव्ही शोधून काढायची आणि ती पुन्हा बनवायची. पडदा मधोमध दुभागतात. डावीकडे तेव्हाची, सपाट रंगांची, ओठ न हलणारी, फ्रेमच्या बाहेर अर्धी गेलेली बाहुली. उजवीकडे तीच मुलगी, केसांवर ऊन-सावली, वाऱ्यानं हलणारी बाही, नीट आवाज. दोन्हीकडे संवाद मात्र तोच ठेवतात, शुद्धलेखनाच्या चुकीसकट.